गिरडची नुकसानभरपाई

वर्धा जिल्ह्यातील गिरडच्या टेकडीवर विपुल सापडणारे गोलसर खडे म्हणजे, सूफी संत शेख फरीदबाबांची टवाळी करणाऱ्या दोघा बंजारा व्यापाऱ्यांचा शापाने पाषाण झालेला नारळादी माल होय, ही कैफियत इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरनेही दप्तरी दाखल केलेली आहे. भूवैज्ञानिक त्यांस झिओलाइट म्हणतात: सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातील वायूच्या पोकळ्यांत साचलेली खनिजे; या निर्णयात ना फिर्यादी, ना आरोपी. परंतु कैफियतीनुसार, व्यापाऱ्यांची क्षमायाचना होताच बाबांनी वाळक्या पानांपासून नवा माल निर्माण करून दिला, म्हणजे पंचनामा, जामीन आणि हेलपाटे यांवाचून भरपाई मिळाली. विवेकवाद्यांनी शंका घ्यावी ती येथे! ते दोघे मग आमरण बाबांच्याच चाकरीत राहिले. व्यापारी माणसे; किफायत कशात आहे, हे त्यांना कळत होते.