कानसेनाची खोली

उंची स्पीकर लावून घरी गाणे ऐकणारा कानसेन शक्यतो पंचेचाळिशीच्या पुढेच आढळतो. गृहकर्ज फिटत आलेले असावे, मुलगी शिकायला परगावी गेलेली असावी आणि तिची दहा बाय चौदाची खोली रिकामी पडलेली असावी. हे तीन ग्रह जुळले की पुढचे कोणालाच टाळता येत नाही. आपली खोली गेल्याचे मुलीला दिवाळीच्या सुट्टीत कळते.

स्पीकर निवडण्याचे शास्त्र तसे एका दुपारचे. खोली केवढी, ॲम्प्लिफायर किती वॅटचा आणि स्पीकर किती संवेदनशील, एवढे पाहायचे. 83 डेसिबलच्या स्पीकरला 100 वॅट पाजल्यावर जेवढा आवाज निघतो, तेवढा 93 डेसिबलचा स्पीकर 10 वॅटमध्ये काढतो. कानसेनाला हे तोंडपाठ असते, तरी निवड दोन वर्षे चालते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून बंगळुरूच्या शोरूमपर्यंत तो खिशात पेन ड्राइव्ह घालून हिंडतो. त्यावरचे पहिले गाणे ठरलेले: ईगल्सचे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’, तेही 1994 च्या ‘हेल फ्रीझेस ओव्हर’मधलेच. त्याच्या सुरुवातीचा ढोल पोटात जाणवतो की नाही, हे पाहायचे असते. विक्रेत्याने ते इतक्यांदा ऐकलेले असते की थाप पडायच्या आधीच त्याची मान डोलते. घरी मात्र कानसेन किशोरीताई आणि कुमार ऐकतो, आणि त्यांच्या मैफलीत ढोल नसतो.

दोन स्पीकरांपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो तो सरस वाटतो, हे विक्रेता जाणून असतो. कानसेनही जाणून असतो. ऐन वेळी आठवत नाही इतकेच. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी 1994 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच स्पीकर लोकांना पडद्याआडून ऐकवले आणि डोळ्यांसमोर ठेवूनही ऐकवले. दिसू लागताच लोकांनी दिलेले गुण बदलले. कानसेनाने हा प्रयोग वाचलेला असतो. तो इतरांच्या कानांबद्दल आहे, असे त्याचे मत पडते.

या पंथातही घराणी आहेत. एक बीबीसीचे: 1970 च्या दशकात बाहेरच्या ध्वनिक्षेपणाच्या गाडीत मावावा म्हणून आखलेला एलएस3/5ए हा फूटभर उंचीचा स्पीकर त्यांना पूज्य. मोटारीसाठी केलेली वस्तू हे लोक तिच्याहून उंच स्टँडवर बसवतात. दुसरे क्वाडचे: 1957 चा इलेक्ट्रोस्टॅटिक पडदा पुढेही वाजतो आणि मागेही, त्यामुळे मागे ऐसपैस जागा लागते, शिवाय आलेला पाहुणा त्याला हीटर समजून दूर बसतो. तिसरे पॉल क्लिप्शचे. त्यांचा 1946 चा क्लिप्शहॉर्न खोलीच्या कोपऱ्यालाच आपल्या भोंग्याचा भाग बनवतो, म्हणून त्याला दोन मोकळे कोपरे हवेत. मराठी घरात एका कोपऱ्यात देव असतात आणि दुसऱ्यात वास्तुतज्ज्ञाने ठेवायला सांगितलेले जड कपाट. हे घराणे आपल्याकडे फारसे फोफावले नाही ते यामुळेच.

स्पीकर घरी आले की मांडणीचा अध्याय सुरू होतो, आणि खरे पाहता इथेच सगळे असते. दोन स्पीकर आणि खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करावा, ट्वीटर बसलेल्याच्या कानाच्या उंचीला यावा, तोंडे जराशी आत वळवावीत, इथपर्यंत सोपे. मग खोली आडवी येते. चौदा फुटांच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये 40 हर्ट्झच्या आसपासचा खर्ज अडकतो. तो भिंतींलगत फुगतो आणि बरोबर मधोमध गायब होतो. स्पीकर मागच्या भिंतीपासून मीटरभर पुढे ओढला, तर भिंतीवरून परतलेला आवाज 86 हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजालाच खातो, आणि डग्ग्याचा घुमार त्याच टापूत कुठेतरी असतो. उपाय एकच, सरकवत राहणे. चार बोटे पुढे, दोन बोटे डावीकडे. फरशीवर मास्किंग टेपच्या फुल्या पडत जातात आणि प्रत्येक फुलीवर तारीख असते. ‘अहो, हे दोन खांब दारातच राहणार का?’ या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नाही.

काच, ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल यांच्या खोलीत टाळी वाजवली की ती थरथरत परतते. यावरचा इलाज हार्वर्डच्या वॉलेस सेबिनने 1895 पासून शोधला. एका सभागृहातला घुमणारा आवाज दुरुस्त करायला सांगितल्यावर त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या आणि किती गाद्यांनी नाद किती लवकर विरतो ते मोजले. कानसेन हेच करतो, पण गाद्या माळ्यावरच्या असतात. सासूबाईंची गोधडी भिंतीवर चढते. पातळ गोधडी वरचे सूर गिळते आणि खर्जाला हातही लावत नाही, त्यामुळे खोली आता बोदी वाजते. मग गोधडी उतरवून जाड खनिज लोकरीचे तक्ते विकत आणले जातात. पुस्तकांनी गच्च भरलेले कपाट भिंतीवरून परतणारा आवाज छान विखरून टाकते. दुर्दैवाने ते त्याने महिन्यापूर्वीच जागा करण्यासाठी बाहेर काढलेले असते.

यानंतर झंकाराचा शोध. 20 पासून 200 हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा सूर लावून कानसेन लोखंडी कपाटाला कान टेकवतो. आत हँगर वाजत असतात. त्यांचा बंदोबस्त झाला तरी कुठेतरी किणकिण उरतेच. अखेर स्वयंपाकघरातून हाक येते, ‘अहो, ताटाळं वाजतंय!’ त्या दिवसापासून त्या घरातली ताटे मध्ये फडकी घालून ठेवली जातात.

केबलचा विषय आटोपता घेतलेला बरा, कारण त्यात सांगण्यासारखे थोडे आणि किमती फार. नवी केबल लोणच्यासारखी मुरावी लागते, अशी श्रद्धा असते. एका संध्याकाळी आवाज अचानक उघडतो, तंबोरा भिंतीपलीकडे जातो, आणि श्रेय आदल्या रात्री लावलेल्या केबलला मिळते. प्रत्यक्षात सकाळी फरशी पुसताना मावशींनी डावा स्पीकर तीन बोटे सरकवलेला असतो. रविवारी फुली दिसते, स्पीकर जागेवर जातो, आवाज पुन्हा मिटतो; केबल अजून कच्ची आहे, असा निष्कर्ष निघतो.

मांडणीची अंतिम परीक्षा अब्दुल करीम खाँ यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेने होते. ती मोनो असल्याने आवाज दोन्ही स्पीकरांतून सारखाच येतो; मांडणी बिनचूक असेल तर खाँसाहेब अगदी मध्यावर, जिथे स्पीकर नाहीच तिथे, गाताना ऐकू येतात. ही किमया खरोखर थक्क करणारी आहे. ध्वनिमुद्रिका जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. कानसेन मात्र तेवढेही थांबत नाही. खाँसाहेब मधोमध आहेत याची खात्री पटताच तो गाणे बंद करून उजव्या स्पीकरकडे वळतो.

ही अचूक जागा एकाच खुर्चीपुरती असते. मित्र आले की आळीपाळीने बसतात; बाकीचे उभे राहून, बसलेल्याच्या चेहऱ्यावर काय उमटते ते पाहतात. स्पीकर 40,000 हर्ट्झपर्यंत जातो हे त्यांना सांगितले जाते. साठीच्या कानाला 12,000 च्या पुढचे जवळपास काहीच पोहोचत नाही, पण या बैठकीत तो विषय कोणी काढत नाही, कारण सगळे एकाच वयाचे असतात.

तीन-चार वर्षांत मोठे मॉडेल येते आणि जुनी जोडी विकायला निघते. मूळ खोकी आणि आतल्या थर्माकोलसकट दिली तर किंमत बरी येते, म्हणून माळ्यावर गाद्यांच्या जागी खोकी ठेवलेली असतात. घेणारा पत्नीला दाखवायला एक आकडा ठरवून येतो आणि विकणारा आनंदाने तेवढ्याचीच पावती लिहून देतो.