उमेदवाराची विंडो सीट

निवडणुकीच्या प्रचारावर बेतलेल्या चित्रपटांना मराठीत स्वतंत्र संज्ञा नाही. ‘प्रचारपट’ हा शब्द सुचतो खरा, परंतु तो एखाद्याची भलामण करणाऱ्या चित्रपटासाठी आधीच वापरात आहे. मात्र या दोहोंतला फरक तिकीट काढून आत बसल्यावरही प्रेक्षकाला कळेलच असे नसल्याने येथे तोच शब्द निःशंकपणे वापरला आहे. प्रचारपटाचा नायक सामान्य घरातला असतो, त्याची आई शिलाई मशीनवर बसलेली असते आणि मध्यंतराच्या थोडे आधी तो लोकांत मिसळतो. लोकांत मिसळण्यासाठी पूर्वी बैलगाडी चाले, आता पटकथाकारांनी लोकल मुक्रर केली आहे. वेळ सकाळची, स्थानक बदलापूर, गाडी मुंबईकडे निघालेली, आणि उमेदवार खिडकीशी बसलेला.

याच मार्गावरच्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील प्रेक्षकाने यापुढचा चित्रपट पाहिला आहे, असे म्हणता येत नाही. पुढे उमेदवाराचा उजवा हात फुटतो, विरोधक पैसे वाटतो, आई आजारी पडते आणि बरी होते. परंतु प्रेक्षक त्या खिडकीपाशीच थांबलेला असतो, कारण याला ती जागा मिळाली कशी, हा प्रश्न पटकथेने सोडवलेला नसतो.

विषय गंभीर असल्याने संज्ञा स्पष्ट केलेल्या बऱ्या. दुसऱ्या वर्गाच्या डब्यातील बाक तिघांसाठी घडवलेला असून त्यावर चौघे बसतात. यांतील शेवटच्या जागेस ‘चौथी सीट’ म्हणतात आणि तिच्यावर बसणे म्हणजे देहाचा जेमतेम तिसरा हिस्सा बाकाला टेकवून उरलेला वाटेत तोलून धरणे होय. या उतरंडीचे दुसरे टोक म्हणजे ‘विंडो’. बदलापूर ते मुंबई हे अंतर ६८ किलोमीटरांचे, प्रवास सुमारे दीड तासाचा, त्यामुळे विंडो ही बसण्याची सोय नसून वर्षानुवर्षांच्या तपश्चर्येने लाभणारे पद आहे. ते मिळवण्याचे मार्ग तीन. पहिला उलट्या प्रवासाचा, म्हणजे मुंबईला जायचे असताना अंबरनाथहून आधी विरुद्ध दिशेला बदलापूरपर्यंत येऊन त्याच गाडीत बसून राहण्याचा. या प्रथेमुळे बदलापूरहून सुटणारी गाडी सुटण्यापूर्वीच भरलेली असते आणि बदलापूरकर आपल्याच गावच्या गाडीत उभा राहतो. उमेदवाराने हा मार्ग धरला असेल, तर त्याने बदलापूरची मते फलाटावरच गमावली, असे समजण्यास हरकत नाही. दुसरा मार्ग रुमालाचा, अर्थात गाडी पुरती थांबण्यापूर्वी गजांतून आत वस्तू टाकून हक्क प्रस्थापित करण्याचा. उमेदवाराच्या गळ्यात पक्षाचे उपरणे असल्याने त्याने तेच आत टाकले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, आणि तसे असल्यास त्या उपरण्याचा लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला हा एकमेव उपयोग ठरेल. तिसरा मार्ग ग्रुपचा. ग्रुप म्हणजे ठरलेल्या गाडीच्या ठरलेल्या डब्यात ठरलेल्या दाराने चढणाऱ्यांची संघटना. तिला घटना नाही, चिन्ह नाही, कार्यालय नाही, पण नवख्याने किती दिवस उभे राहायचे, चौथ्या सीटवर किती महिने काढायचे, ठाण्यानंतर कोणी उठून कोणाला बसवायचे आणि विंडोवाला निवृत्त झाल्यावर ती कोणाकडे जायची, हे सगळे इतके ठरलेले असते की तिथे उत्तराधिकाराचा वाद चिन्हापर्यंत जात नाही. या संघटनेतून कोणी फुटत नाही, कारण फुटून दुसऱ्या गाडीला गेलेल्याला तिथे पुन्हा चौथ्या सीटपासून सुरुवात करावी लागते. हा एकच नियम डब्याबाहेर लागू केला, तर राज्यातील कित्येक सरकारे मुदत पूर्ण करतील. पण ते विषयांतर झाले.

सांगायचे ते हे की, तिन्ही मार्गांनी पाहता उमेदवार त्या खिडकीशी उजळ माथ्याने पोहोचू शकत नाही.

त्याहून अक्षम्य गोष्ट पुढे घडते. गाडीने कल्याण गाठले, तरी समोर उभ्या असलेल्या एकाही प्रवाशाने उमेदवाराला ‘कुठे उतरणार?’ असे विचारले नाही. या मार्गावर हा प्रश्न नमस्काराच्या जागी वापरतात. उत्तर येताच ती जागा विचारणाऱ्याच्या नावे ‘सांगितली’ जाते आणि तो करार न्यायालयातल्या शपथपत्राहून अधिक काटेकोरपणे पाळला जातो. उमेदवाराला मात्र सगळा डबा विकासाविषयी विचारतो. विकासाविषयी लोकलमध्ये कोणी बोलत नाही. बदलापूर हे नाव प्रवासात घोडे बदलण्याच्या ठिकाणावरून पडले, असे लोक सांगतात. अशा गावातून निघालेल्या पुढाऱ्याला तरी, तू कुठे उतरणार आणि कोणत्या गाडीत चढणार, हे आधी विचारून घ्यायला हवे होते.

उल्हासनगरच्या प्रेक्षकाचा आक्षेप कारागिरीचा आहे. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या जागेवर निर्वासितांनी उभे केलेले आणि अजूनही कॅम्पच्या क्रमांकाने पत्ता सांगणारे हे शहर असून, ‘मेड इन यूएसए’ या छापातील तीन अक्षरांचा ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा स्थानिक विस्तार सर्वश्रुत आहे. नक्कल हा ज्या बाजारात कसबाचा विषय आहे, तिथल्या माणसाला स्टुडिओत उभारलेला डबा शिवणीवरूनच ओळखू येतो. त्यात सगळे पंखे आपणहून फिरतात, एकही पंखा जाळीतून कंगवा घालून ढकलावा लागत नाही. एकाही प्रवाशाने सॅक पाठीवरून काढून छातीवर घेतलेली नसते. आणि भजनाचे टाळ तर सोडाच, पत्त्यांचा डावही कुठे रंगलेला दिसत नाही. असा माल कॅम्पातल्या दुकानदाराने परत पाठवला असता.

‘सिंहासन’ (१९७९) या चित्रपटाच्या अखेरीस राजकारण जवळून पाहिलेल्या पत्रकाराला वेड लागते. आताच्या प्रचारपटात कोणालाही काहीही होत नाही, म्हणून ते प्रेक्षकाला लागण्याची वेळ येते. त्यातही या तीन शहरांची अवस्था विशेष आहे. अंबरनाथ आणि बदलापूर येथील नगरसेवकांची मुदत २०२० मध्ये संपली, उल्हासनगरातील २०२२ मध्ये, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे तिथे प्रशासक, म्हणजे मत न मागता नगर चालवणारा सरकारी अधिकारी, कारभार पाहत राहिला. त्या काळात गल्लीतल्या गटारासाठी कोणी हात जोडलेले पाहायचे, तर मतदाराला चित्रपटाचेच तिकीट काढावे लागत होते.

इथपर्यंत विवेचनाचा तोल सांभाळता येतो. परंतु तो डबा दाखवताना कॅमेरा दाराकडे एकदाही वळत नाही, हे लक्षात आले की तोल जातो. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या गाडीच्या जागी वातानुकूलित गाडी आली, तेव्हा बदलापूर स्थानकात प्रवासी संतापून जमले होते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन लोकलांच्या दारांत लटकलेली माणसे खाली पडली आणि त्यांतली काही घरी परतली नाहीत. तीही सकाळच्याच गाड्यांत होती, आणि त्यांना विंडो नको होती, चौथी सीटही नको होती, आत दोन पाय टेकायला जागा हवी होती. ज्यांना जनतेचा प्रवास दाखवायचा आहे, त्यांना दार दिसत नाही? उमेदवाराच्या केसांत वारा खेळवण्यासाठी कॅमेरा आणि त्याची माणसे मिळून जेवढी जागा अडवतात, तेवढ्यात या मार्गावर दहा-बारा माणसे ठाण्यापर्यंत जातात. ती दृश्यातून काढली, तेव्हा कुठे दृश्य सुंदर झाले.

असो. प्रचारपटाचा शेवट ठरलेला असतो. उमेदवार जिंकतो, गुलाल उधळला जातो, आईचे डोळे भरून येतात, आणि नायक पांढऱ्या मोटारीच्या मागच्या आसनावर बसून काळी काच हळूहळू वर करतो. पडद्यावर श्रेयनामावली सरकू लागते, संगीत टिपेला पोहोचते, आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून, दीड-दोन तास कोणीतरी मनात दाबून धरलेला प्रश्न ऐकू येतो : “पण विंडो कोणाला सांगून गेला हा?”