कोअर मोजा, मग बोला

मायक्रोसॉफ्टच्या बिझटॉक सर्व्हरचं काम मध्यस्थाचं. विक्रीखात्याची सिस्टीम एक बोलते, हिशेबखात्याची दुसरंच. हा दोघांचं जुळवून देतो. मध्यस्थ म्हटला की दलाली आलीच.

२०१० च्या आवृत्तीपासून डेव्हलपर एडिशन फुकट आहे. शिका, लिहा, चाचण्या घ्या, महागड्या एंटरप्राइज एडिशनमधलं सगळं वापरा. फक्त गिऱ्हाइकाची एकही खरी ऑर्डर तीवरून सोडायची नाही. प्रॉडक्शनचं नाव काढलं की मीटर पडलंच. पूर्वी प्रोसेसर मोजायचे, २०१३ च्या आवृत्तीपासून त्याच्या पोटातले कोअर मोजतात. त्यातही प्रत्येक प्रोसेसरमागे किमान चार कोअरचं लायसन्स. आत दोनच असले तरी! पंगतीला दोघं बसले, तरी केटरर चार ताटं लावणारच. व्हर्च्युअल मशीनलाही हाच न्याय.

स्टँडर्ड एडिशन स्वस्त, पण तीत ॲप्लिकेशनं पाचच. मग आपला डेव्हलपर डोकं लढवतो आणि पगारापासून गोदामापर्यंतचा सगळा कारभार पाचात कोंबतो. पुढे कशात काय आहे हे त्यालाही आठवत नाही, पण लायसन्स शाबूत! विंडोज सर्व्हर आणि एसक्यूएल सर्व्हरचे पैसे अर्थातच वेगळे.

हा सगळा हिशेब खरेदीखात्याच्या साहेबांपुढे ठेवला, की चष्म्यावरून बघत ते हमखास विचारणार, "त्या फुकटवाल्यात नेमकं काय कमी आहे?"

काहीच नाही, साहेब. तीच तर पंचाईत आहे.