हसवणाऱ्याचा सातबारा

पावसाळ्यात वरंध घाट बंद पडला की महाड-पोलादपूरकरांना अर्थशास्त्राला सवड मिळते. स्वतःच्या जमिनीच्या सातबाऱ्यातल्या दुरुस्तीसाठी तलाठ्याकडे हेलपाटे; विनोदी नटाची मालमत्ता मात्र मोबाइलवर ‘नेट वर्थ’ सांगणाऱ्या तज्ज्ञांकडून चुटकीसरशी, कोटीच्या हिशेबात! सोय स्तुत्यच. आयकर खातं मोडून ते कामही याच तज्ज्ञांकडे सोपवावं.

बिचारे विनोदी नट भगवानदादा या मोबाइल-हिशेबाच्या आधीच्या काळातले. त्यांचा १९५१चा चित्रपट ‘अलबेला’ तुफान चालला. मग जुहूला २५ खोल्यांचा बंगला, सात वारांना सात गाड्या. पुढे ‘हंसते रहना’ काढायला घेतला, तो अर्धवटच राहिला. बंगला गेला, गाड्या गेल्या, दादा दादरच्या चाळीत. गणपतीच्या मिरवणुका तिथे थांबून त्यांच्यासमोर त्यांच्याच गाण्यावर नाचायच्या म्हणे. ही कमाई जंगम मालमत्ता धरावी की स्थावर, याबाबत तज्ज्ञांचा खुलासा अपेक्षित आहे.