बंदीतला हंगाम

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै हे मासेमारीबंदीचे 61 दिवस. या दिवसांत माशांनी अंडी घालायची, नाखव्यांनी जाळी दुरुस्त करायची, बोटी वर ओढून त्यांना रंग काढायचा आणि मी परवान्याचे अर्ज भरायचे, अशी आमच्या गावात कामाची वाटणी आहे. शाळेतून निवृत्त झालो तरी 'मास्तर' हे पद काही सुटत नाही. ज्याला इंग्रजी फॉर्म वाचता येतो त्याला तर निवृत्तीचा हक्कच नाही.

नाखवा येतात ते प्लॅस्टिकच्या पिशवीतली पिशवी घेऊन. आतल्या पिशवीत नोंदणीचा दाखला, मागचा परवाना, विम्याची पॉलिसी, मच्छीमार सोसायटीचे पत्र, इंजिनाचे बिल, स्वतःचे आधार आणि तमाम खलाशांची आधार. सगळ्यांना डिझेलचा वास. त्याच डिझेलवरच्या करपरताव्यासाठी हेच कागद पुन्हा द्यावे लागतात, फक्त वेगळ्या क्रमाने. बोटीची लांबी नोंदणीत आहे, परवान्यात आहे, विम्यातही आहे. तरी ती नव्याने विचारतात. लाकडी बोट पावसाळ्यात फुगते हे कुणीतरी वर कळवले असावे.

खरी परीक्षा इंजिन नंबरची. बिलावरचा आकडा तीन आहे की आठ, हे बिलाच्या घडीने ठरू दिलेले नाही. मग मी आणि नाखव्यांचा धाकटा मुलगा बोटीवर. तो फळ्या उचलून खाली उतरतो, तेलकट पाण्यात एक गुडघा टेकून पट्टीवर टॉर्च मारतो. पट्टीवर रंग. दर वर्षी हौसेने काढलेला, थरावर थर. नखाने खरवडत तो एकेक अंक ओरडून सांगतो, मी वर चष्मा पुसत लिहून घेतो. तीनही नव्हता आणि आठही नव्हता, सहा होता.

"मास्तर, म्हणजे इतकी वर्षं आम्ही दुसऱ्याच्याच इंजिनावर मासे मारले की काय?" नाखव्यांनी विचारले.

यातले सगळेच कागद बिनकामाचे आहेत असे मी म्हणणार नाही. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईवर हल्ला करणारे 'कुबेर' नावाची मासेमारी बोट पळवून तिच्यातून आले. त्यानंतर खलाशांची ओळखपत्रे आली, राज्याराज्याच्या बोटींना वेगवेगळे रंग ठरले. बोटीवर कोण गेले, किती गेले, हे किनाऱ्यावर कुणाला तरी ठाऊक असलेच पाहिजे. वादळात शोधायला निघणाऱ्यांना ती यादीच लागते. लांबी मात्र त्यांना पाचव्यांदा लागत नाही.

मध्यंतरी केंद्राचे 'रियलक्राफ्ट' पोर्टल आले. नोंदणी आणि परवाना दोन्ही ऑनलाइन, कार्यालयाच्या चकरा वाचणार. वाचल्याही. पण बोटीचा फोटो चढवायला बसलो तेव्हा फोटोचा आकार मोठा निघाला. तो लहान केला तर नाळेवरचा नंबर वाचता येईना. नंबर दिसावा म्हणून जवळून काढला तर बोट मावेना. शेवटी भरतीला बोट जरा तिरकी झाली तेव्हा जमले. मग मंजुरीची प्रत छापून घेतली, तिच्या झेरॉक्स काढल्या आणि सगळे त्या आतल्या पिशवीत गेले. कागदविरहित कारभारात झेरॉक्सवाल्याचे काही बिघडलेले दिसत नाही.

आता त्याच पोर्टलवर आणखी एक खाते उघडले आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने नवे नियम काढले: बारा सागरी मैलांच्या पलीकडे, दोनशे मैलांपर्यंत मासेमारी करायची तर यांत्रिकी बोटींनी प्रवेश पास घ्यायचा. छोट्या पारंपरिक होड्यांना त्यातून सूट. पास ऑनलाइनच मिळतो आणि त्याला शुल्क नाही. सरकारने काढलेल्या कागदांत मला आवडलेला हा पहिलाच. नाखव्यांना मी उत्साहाने सगळे समजावून सांगितले.

"फी किती?"

"काहीच नाही."

"साहेबांकडे जायचं?"

"जायचंच नाही. घरबसल्या."

नाखव्यांनी पिशवीची गाठ बांधली, सोडली, पुन्हा बांधली. "मास्तर, पैसे नाहीत, साहेब नाही, मग अडलं तर भांडायचं कुणाशी?"

मी म्हटले, हेल्पलाइन आहे. त्यांनी नंबर लिहून मागितला, आणि तो पिशवीतच ठेवला.