लूनाचे निदानशास्त्र

कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये बाजारात आणलेल्या, इटलीच्या पियाज्जिओ कंपनीच्या ‘चाओ’वर बेतलेल्या ५० सीसीच्या लूनाला पायडले होती, आणि त्यांचे अधिकृत प्रयोजन इंजिन सुरू करणे व चढावर त्याला हातभार, खरे तर पायभार, लावणे एवढेच असले, तरी त्यांचा सखोल परिणाम मालकाच्या स्वभावावर झाला. स्कूटर बंद पडली की निमूटपणे मेकॅनिक शोधणारा गृहस्थ लूना बंद पडली की, वेळ आल्यास पायडल मारत घर गाठता येईल या भरवशावर, भर रस्त्यात कार्बोरेटर उघडत असे.

निदानाचा आरंभ प्लगपासून होतो. लूनाचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या एका वर-खाली फेरीत सगळे काम उरकणारे असल्याने त्याचे वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, आणि ‘इंजिनाला जपावे’ या ममतेने ते सढळ हाताने ओतले गेल्यास न जळालेला अंश काजळी होऊन प्लगच्या टोकांमधली अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची फट बुजवतो. प्लग काढून, त्याला कॅप लावून, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवून पायडल मारले असता निळी ठिणगी दिसली, तर करंट आहे असे मानतात. या प्रयोगात पायडल मालक मारतो आणि प्लग भाच्याच्या हाती देतो, त्यामुळे ठिणगी दिसली नाही तरी करंट असल्याची वार्ता कळतेच.

करंट असूनही गाडी सुरू होत नसेल, तर संशय जेटवर, म्हणजे ज्यातून पेट्रोल मोजून हवेत मिसळते त्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यावर जातो. जेट फुंकून साफ करावा हे शास्त्र आहे. तो टाचणीने कोरावा ही लोकपरंपरा आहे, आणि तिच्यामुळे भोक रुंदावून ॲव्हरेज घसरले की पंपवाल्याच्या भेसळीची चर्चा सुरू होते.

सर्वांत फसवा दोष मात्र टाकीच्या झाकणात असतो. त्यातले हवेचे छिद्र बुजले की पेट्रोल खाली उतरेल तसतशी टाकीत निर्वात पोकळी वाढत जाते, प्रवाह थांबतो आणि थोडे अंतर चालून गाडी बंद पडते. मालक उतरतो, प्लग पुसतो, गाडीच्या कुळाचा उद्धार करतो आणि सवडीने झाकण उघडून पेट्रोल आहे की नाही ते पाहतो, त्यासरशी हवा आत शिरून गाडी सुरू होते, श्रेय प्लग पुसण्याला मिळते, आणि पुढल्या चौकात प्लग पुन्हा पुसला जातो.