यंत्राला थंडावा, माणसाला तारीख

संगणकीय जीवशास्त्रात आपण मागे आहोत, असं कोण म्हणेल? जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मद्रासमधून दाखवून दिलं, की प्रथिनाची साखळी कुठल्या कोनांत वळू शकते. तो आलेख आजही जगभर वापरतात. बिचाऱ्यांकडे सुपरकॉम्प्युटर नव्हता, म्हणून डोक्यावर भागवावं लागलं.

आता तशी आबाळ नाही. पुण्याच्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ हा सुपरकॉम्प्युटर विराजमान आहे. जीनोम इंडिया प्रकल्पात सुमारे १०,००० भारतीयांचे जीनोम वाचून झाले, त्यांचा डेटा फरीदाबादच्या केंद्रात ठेवलाय. राहता राहिला तो समोर बसून विचार करणारा माणूस. कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली. ती दर महिन्याला हातात पडेल, असं मात्र कुणी कबूल केलेलं नाही. यंत्राला अखंड वीज, थंड हवा आणि देखभालीचा करार लागतो, हे फाइलीला चटकन पटतं. माणसाचा करार प्रकल्पाबरोबर संपतो. मग तो बोस्टन नाहीतर हायडेलबर्ग गाठतो. तिथे नाव झालं, की इकडे ‘भारतीय वंशाचा शास्त्रज्ञ’ म्हणून शाल-श्रीफळ तयार. शालीला निविदा लागत नाही.